तिसरा ठोका जरा उशिरा

प्रिय खुळखुळ्या,

परवा फोनवर तू पुन्हा विचारलंस, ऐकलंत का? मी पुन्हा म्हटलं, ऐकतोय. तू गप्प झालीस. तुला वाटलं असणार, आईला आवडलेलं दिसत नाही, म्हणून टोलवतेय. तसं काही नाही. महिनाअखेर तुला त्या रेकॉर्डिंगवाल्या साहेबांना कळवायचं आहे, तुझं पहिलं रेकॉर्डिंग बाहेर पाठवायचं की दुसरं, हे माझ्या डोक्यात पक्कं आहे. आमचं उत्तर तयार आहे आणि ते दोघांचं मिळून एकच आहे. या घरात हे किती दुर्मिळ ते तुला सांगायला नको. पण ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. फोनवर मी दोन वाक्यं बोलते आणि मला गॅसवरचं दूध आठवतं. म्हणून आज मशीनवरचं कापड बाजूला सारलं आणि लिहायला बसले. शाळेचे गणवेश थांबतील. पोरं काही एका दिवसात मोठी होत नाहीत.

आधी घरची खबर. बाबांच्या ऑपरेशनबद्दल तुला जे सांगितलं ते सगळं खरंच होतं, फक्त अर्धं होतं. ऑपरेशन उत्तम झालं. हाडांच्या डॉक्टरांनी उजेडासमोर फोटो धरून मला दाखवला, खुब्यात नवा सांधा कसा बसवलाय ते. म्हणाले, झिजलेला सांधा तर बदललाच, वर डावा पायही उजव्याच्या बरोबरीला आणून ठेवलाय. लहानपणापासून बोटभर आखूड राहिलेला पाय! मी घरी आल्याबरोबर पहिलं काम काय केलं असेल, तर बाबांचे सगळे पायजमे काढले आणि डाव्या पायाची दुमड उसवली. इतकी वर्षं मी डावा पाय आखूड शिवत आले, पण कापड कधी कापलं नव्हतं, आत दुमडून ठेवत होते. का, ते विचारू नकोस. शिवणकाम करणारीची खोड, दुसरं काय! दुमड सोडून इस्त्री फिरवली तर आतली पट्टी कोरी करकरीत आणि वरचं सगळं धुऊन धुऊन विटलेलं. त्या पट्टीकडे बघून मला हसूही आलं आणि रडूही आलं.

पण पायजमे तयार झाले तरी ते घालून चालणारा माणूस खुर्चीतून उठेल तर शपथ. पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर, एवढाच प्रवास, तोही वॉकरला घोरपडीसारखं चिकटून. डॉक्टर म्हणत, सगळं जागच्या जागी आहे, आता चाला. बाबा उभे राहिले की जमिनीकडे असे बघत, जणू कुणी ती रातोरात हलवून ठेवली आहे. एकदा मला म्हणाले, अगं, आधी मला ठाऊक असायचं की डावा पाय टेकला की मी जरा खाली जाणार. आता मी खाली जायची वाट बघतो आणि जातच नाही. मग पुढचं पाऊल टाकायचं कधी? पाय मिळाला आणि चाल गेली, असा सगळा मामला. व्यायाम करून घ्यायला एक ताई येते, तुझ्याच वयाची, गोड पण कडक. ती टाळ्या वाजवून मोजायची, एक-दोन, एक-दोन. बाबा 'एक' करायचे आणि 'दोन'ला थिजायचे. तिनं मला बाजूला घेऊन सांगून ठेवलं होतं, असेच बसून राहिले तर नवा सांधाही आखडेल, आणि मग खुर्ची कायमची. हे तुला सांगितलं नाही, कारण तू तिकडे स्टुडिओत होतीस आणि तुझ्या बोटांत माझी काळजी शिरायला नको होती.

तुला बाबा दोन तऱ्हांचे माहीत आहेत. एक बुटांच्या दुकानातले, एक घरातले. दुकानातल्या बाबांच्या डाव्या बुटाचा तळ जाड होता. कारागिराकडून तो त्यांनी गुपचूप करून घेतला होता, आणि वरून माझ्या हातची पँट अशी खाली उतरायची की कुणाला पत्ता लागू नये. हा माणूस आयुष्यभर लोकांच्या पायाशी बसला, त्यांना बूट चढवले, कुणाचा अंगठा दुखतो, कुणाची टाच सोलते ते तोंडावरून ओळखलं, आणि स्वतःच्या पायाकडे मात्र कुणाला बघू दिलं नाही. रस्त्यानं स्वारी इतकी सांभाळून चालायची की लोक म्हणत, काय रुबाबात चालतात! रुबाब कसला डोंबलाचा, ते पाऊल न् पाऊल मोजत होते. घरी आले की दाराशी बूट निघायचे आणि मग खरा माणूस आत यायचा. उजवा पाय, धप्. डावा पाय, टप्. आणि तोल सावरायला हात कुठेतरी टेकायचा, थाप.

ती थाप कुठे पडायची ते तुला आठवतं. बंद पडलेल्या शाळेतून आणलेला आपला पियानो आतल्या दारातून जाईना, म्हणून तात्पुरता पॅसेजमध्ये ठेवला, तो अजून तिथेच तात्पुरता आहे. पुढच्या खोलीतून स्वयंपाकघरात यायचं तर त्याच्याजवळून अंग चोरूनच यावं लागतं. जाता-येता बाबांचा हात बरोबर त्याच्या झाकणाच्या कोपऱ्यावर पडायचा. तिथलं पॉलिश केव्हाच उडालं, खालचं लाकूड दिसतं. धप्, टप्, आणि हाताला पोचायला जरा वेळ लागायचा म्हणून किंचित थांबून, थाप. तू वाजवत बसलेली असायचीस आणि ते तुझ्या पाठीमागून जायचे-यायचे. मी स्वयंपाकघरात पाठमोरी असले तरी मला कळायचं, आज दुकानात गर्दी होती की नव्हती, मालकांशी वाजलं की जमलं. थाप जड पडली की मी निमूटपणे चहा टाकायची.

तू तिसरी-चौथीत असशील. एकदा क्लासमधून तोंड पाडून आलीस. काय झालं विचारलं तर काही नाही. सरांनी दिलेलं ते टिकटिक करणारं यंत्र पियानोवर ठेवलंस आणि तीन-तीन ठोक्यांचा कुठलासा धडा घोटत बसलीस. बाबा पाठीमागून गेले आणि तू किंचाळलीस, बाबा, मी वाजवताना तुम्ही चालू नका ना! त्या दिवसापासून तुझा सराव संपेपर्यंत ते पुढच्या खोलीत पेपर धरून बसायचे. तोच पेपर, तेच पान. पाणी प्यायलाही उठायचे नाहीत. मी तुला दोन रट्टे देणार होते, पण त्यांनी मला डोळ्यांनीच दटावलं. आणि मग काही दिवसांनी तू त्यांच्या खुर्चीपुढे जाऊन उभी राहिलीस, नाक लालभडक, आणि विचारलंस, बाबा, तुम्हाला तहान नाही का लागली? लागली की, म्हणाले आणि उठले. त्या संध्याकाळी तहान नसलेला तो माणूस स्वयंपाकघरात येऊन पाणी पीत राहिला, पीत राहिला, आणि तू वाजवत राहिलीस. मला वाटलं, लेक आपल्या परीनं माफी मागतेय. रात्री जेवायला त्यांच्या पोटात जागा उरली नव्हती.

तर तुझं रेकॉर्डिंग आलं तेव्हा घरात हा असा कारभार होता. तू सांगितलं होतंस, छोटे छोटे नाच आहेत, कुणा संगीतकारानं खेड्यातल्या नाचांवरून रचलेले, एकेक नाच चहाला उकळी येईपर्यंत संपणारा. एकदा तू वाजवतेस तसे, एकदा साहेबांना हवेत तसे. कोणतं कुठलं ते मुद्दामच सांगितलं नाहीस. आईबाबा म्हणून नको, नुसते कान म्हणून ऐका, असं बजावलंस. मी विचारलं, अगं पण दोन-दोन कशाला? तर म्हणालीस, साहेबांचं म्हणणं, माझा तिसरा ठोका जरा… आणि थांबलीस. मग म्हणालीस, जरा उशिरा पडतो. ते थांबणं मी ऐकलं, पण तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. बाबांना म्हटलं, लावू का? तर म्हणाले, नाचाचं आहे ना, मग राहू दे, नाच ऐकायला पाय लागतात. त्यांच्या तोंडून असलं कडू मी कधी ऐकलं नव्हतं. तू दिलेला तो डबीएवढा स्पीकर मी गपचूप कपाटात ठेवून दिला.

आणि मग ती सकाळ. मी सिंकपाशी भांडी घासत होते, हाताला कोपरापर्यंत फेस, नळ सोडलेला. आणि पॅसेजकडून आवाज आला. धप्, टप्, थाप. धप्, टप्, थाप. चांगला झपझप. म्हटलं, काय हा माणूस! इतके दिवस उठ म्हटलं तर उठला नाही, आणि आता कुणी धरायला नसताना वॉकर सोडून धावत सुटला! मी ओरडले, अहो थांबा, पडाल, आधी काठी घ्या! आणि तशीच फेसाळ हातांनी धावले. पॅसेजमध्ये कुणी नव्हतं. पुढच्या खोलीत बाबा खुर्चीत होते, पायांवर शाल, मांडीवर तो स्पीकर. आदल्या दिवशी माझा डोळा चुकवून ताईकडून काढून घेतला होता, लबाड. नळाच्या आवाजात वरचे सूर माझ्यापर्यंत आलेच नव्हते, आले ते फक्त तुझ्या डाव्या हाताचे ठोके. बाबांनी विचारलं, काय म्हणालीस? काठी घ्या म्हटलं, मी म्हटलं. कुणाला? तुम्हाला. पण मी तर बसलोय, म्हणाले. मांडीवर तो नाच चालूच होता, आणि त्यात बाबा चालत होते.

आधी कोण हसलं ते सांगता येणार नाही. नाच संपला, त्यांनी पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा. मग त्यांनी शाल बाजूला केली आणि उठले. वॉकर पॅसेजच्या तोंडापर्यंत नेला आणि तिथे सोडून दिला. मी म्हटलं, अहो, नका, ताईला येऊ दे. त्यांनी नुसता हात वर केला, दुकानात गर्दी झाली की गिऱ्हाइकाला थांबा म्हणायचे तसा. मी साबणाच्या हातात तो स्पीकर कसाबसा धरून त्यांच्या मागे. नाच सुरू झाला. एक पाय, दुसरा पाय, आणि तिसऱ्या ठोक्याला तू थांबलीस. तू जे जरासं थांबतेस ना, तेवढ्यात त्यांचा हात पियानोच्या कोपऱ्यावर पोचला. थाप. पुन्हा पाय, पाय, आणि तू थांबलीस. खुळखुळ्या, तू त्यांना घाबरायला वेळ ठेवला होतास. घाबरून झालं की पुढचं पाऊल, असं करत करत ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. वळले. परत आले. कपाळावर घाम, आणि चेहरा असा की दुकानातला सगळा माल एका दिवसात खपला असावा. नळ अजून सुरूच होता. मला म्हणाले, जा, नळ बंद कर. आणि मी निघाले तर म्हणाले, थांब, मीच करतो. आणि पुन्हा गेले!

दुसऱ्या दिवशी ताईला दार बाबांनी उघडलं. ती दारातच खिळली. काका, तुम्ही? एवढंच म्हणाली आणि पिशवी खाली टाकून टाळ्या वाजवायला लागली, या वेळी मोजायला नव्हे. सगळी हकीकत ऐकल्यावर तिनंच सुचवलं, आता दुसरं लावून बघू. लावलं. खोटं कशाला बोलू, सुंदर आहे. स्वच्छ, नीटस, कुठे एक चुणी नाही, माझ्यासारख्या इस्त्रीवालीला आवडावं असं. नुसते कान म्हणून विचारशील तर मला त्यात काही खोट सापडली नाही. पण बाबा त्यावर चालायला गेले आणि पॅसेजच्या मध्यावर हात हवेत तसाच. कोपऱ्याला हात लागायच्या आतच तू पुढे निघून गेली होतीस. ही पोरगी मला सोडून चालली, असं म्हणाले, चेष्टेतच, पण जागीच उभे राहिले. ताईनं मान हलवली आणि पहिलं लावा म्हणाली. पुढे तिनं जिनाही त्याच नाचांवर चढवून घेतला.

आता तर ते सगळे नाच मला तोंडपाठ झालेत. मी त्यांना नावंही ठेवलीत, तुझ्या संगीतकारानं रागावू नये. पहिला तो नळाचा नाच. त्यानंतरचा, ज्यात तुझा उजवा हात वर जाऊन जाऊन खाली घसरतो, तो साबणाचा. एक आहे तो अर्ध्यात येऊन एकदम मन बदलतो, दुसरीच वाट धरतो आणि काही झालंच नाही अशा थाटात संपतो. तो बाबा 'तुझ्या आईचा' म्हणतात. आणि एक संथ आहे, शेवटून दुसरा, तो आम्ही दोघं बसून ऐकतो. त्यात संध्याकाळी दाराशी बूट काढून ठेवल्यासारखं वाटतं. मला सुरातलं काही कळत नाही, पण तू वाजवताना हसत असतेस ते मला ऐकू येतं. हसल्याशिवाय तो साबणाचा नाच कुणाला वाजवताच येणार नाही.

एकदा चहा पिताना बाबांनी विचारलं, साहेब नेमकं म्हणाले तरी काय? मी म्हटलं, तिसरा ठोका उशिरा पडतो म्हणाले. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, उशिरा नसतील म्हणाले. लंगडतो म्हणाले असतील. तेव्हा मला तुझं ते फोनवरचं थांबणं कळलं, आणि क्लासमधून तोंड पाडून येणंही कळलं. सरही हेच म्हणाले होते ना तेव्हा? एवढीशी होतीस, आणि तो शब्द दाराबाहेर ठेवून घरात आलीस. टिकटिकीपुढे बसलीस, रडलीस, बाबांवर ओरडलीससुद्धा, पण तो शब्द काही या घरात आणला नाहीस. आजवर नाही. मला तुझा केवढा अभिमान वाटला ते मला लिहिता येत नाही, तरी लिहिते. बाबांना मात्र त्या शब्दाचं काही वाटलं नाही. खो खो हसले. म्हणाले, बरोबरच आहे त्यांचं. माणसाला चाल असते, गाण्याला चाल असते, आमची बापलेकीची एकच आहे. आता जो भेटेल त्याला थांबवून सांगतात, आमची मुलगी पियानो अगदी माझ्यासारखा लंगडा वाजवते! समोरच्याला हसावं की सांत्वन करावं ते कळत नाही. जो शब्द या माणसानं जन्मभर बुटाच्या तळाखाली दाबून ठेवला, तो आता गावभर मिरवत हिंडतोय.

आणि हिंडतोय म्हणजे खरोखरच हिंडतोय. परवा आम्ही दुकानात गेलो. पायी, काठी न घेता. बाबा आत शिरले आणि सरळ गिऱ्हाइकाच्या खुर्चीत जाऊन बसले. त्या दुकानात त्यांचं आयुष्य गेलं, पण त्या खुर्चीत ते कधी बसले नव्हते. म्हणाले, काचेतला तो तपकिरी जोड दाखवा. माझ्या मापाचा. जसा आहे तसा. 'जसा आहे तसा' म्हणजे काय ते मालकांना बरोबर समजलं. नोकराला बाजूला सारून ते स्वतः खाली बसले आणि त्यांनी बाबांच्या पायात बूट चढवले. दोन्ही तळ सारखे, कारखान्यातून आले तसे. बाबा उठले, त्या तिरक्या ठेवलेल्या बुटांच्या आरशापर्यंत गेले आणि त्यात आपले दोन पाय बघत उभे राहिले. बराच वेळ. मालक तिकडे तोंड करून नाक पुसत होते. मी मुळीच रडले नाही, मी पँटची लांबी बघत होते. बूट झाकायला इतकी वर्षं पँट लांब ठेवली, आता बूट दिसायला नकोत का? बोटभर वर घ्यायला हवी होती, दोन्ही पायांना, सारखीच. घरी येऊन आधी तेच काम केलं.

आणि हो, तुझ्या कार्यक्रमाला आम्ही येतोय. आजवर आम्ही सगळ्यांच्या आधी यायचो, रिकाम्या सभागृहात कडेच्या दोन खुर्च्या धरायचो, आणि सगळे गेल्यावर उठायचो. तू समजायचीस, आईबाबांना गर्दी सोसत नाही. आता बाबांचा बेत असा आहे की सभागृह भरलं, लोक बसले, की मग मधल्या वाटेनं थेट पुढच्या रांगेपर्यंत चालत जायचं. सगळ्यांदेखत, तपकिरी बूट घालून. मी म्हटलं, अहो, लोक म्हणतील, उशिरा आले. तर म्हणतात कसे, म्हणू देत, जरा उशिरा येणं हीच तर आपल्या घराची खासियत. तेव्हा वर बसून घाबरू नकोस, आणि आम्ही बसल्याशिवाय सुरू करू नकोस.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तुला वाटेल, बाबांना ज्याच्यावर चालता आलं त्याचीच आई बाजू घेणार. तसं असतं तर फोनवर सांगून मोकळी झाले असते, कारण बाबांना आता त्याची गरज उरलेली नाही. ते नाच न लावताही चालतात, सरळ, दोन्ही पायांवर सारखे, वर खिशात हात घालून. काल मी भांडी घासत होते आणि मागून कुणीतरी खांद्यावर हात ठेवला. मी इतकी दचकले की हातातला कप फुटला. बाबा होते. सबंध पॅसेज ओलांडून आले आणि मला ऐकूच आलं नाही. लग्न झाल्यापासून हा माणूस कुठल्या खोलीत आहे, दमलाय की खुशीत आहे, हे मी मागे वळून न बघता ओळखत आले. तो आवाज आता गेला. जावाच, त्यासाठीच तर मी देव पाण्यात घालून बसले होते, आणि त्यांना तसं चालताना बघून मला जे वाटतं त्याला आनंद हा शब्द पुरत नाही. पण पियानोच्या त्या कोपऱ्यावर आता धूळ बसते. या घरात आता कुणी लंगडत नाही, खुळखुळ्या. ती चाल आता जगात एकाच ठिकाणी उरली आहे. मी भांडी घासायला उभी राहिले की पहिलं रेकॉर्डिंग लावते आणि नळ मोठा सोडते. सूर बुडतात, ठोके तेवढे उरतात, आणि माझा माणूस दुकानातून घरी येतो. साहेबांना सांग, आमच्याकडे ती चाल कुणी सरळ करणार नाही. पहिलंच पाठव.

नळ बंद करून, कान उघडे ठेवून,
तुझीच,
आई